फेब्रुवारीत आटणारं तळं, बारमाही मासळी : सोलापूरच्या काळ्या रानातलं एक प्रकरण

सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. त्यातही जोर सप्टेंबरात. जून-जुलै बहुतेकदा ढगांकडे बघण्यात जातात. त्यामुळे इथली नाल्याकाठची तळी गणपतीच्या आसपास भरतात, दिवाळीला भरलेली दिसतात आणि महाशिवरात्रीपर्यंत त्यांच्या तळाला भेगा पडतात. कटला-रोहूला विक्रीच्या वजनावर यायला दहा-बारा महिने लागतात आणि पाणी मिळतं पाच महिने. सगळं दुखणं या पाच-सात महिन्यांच्या फरकाचं.

इथे नमुना म्हणून घेतलेलं तळं मोहोळपासून अक्कलकोटपर्यंत कुठल्याही शिवारात सापडेल असं आहे. जमिनीच्या पातळीला ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद, भरल्यावर २.२ मीटर खोल, बाजूंचा उतार दीडास एक (दीड मीटर आडवं गेलं की एक मीटर खाली). साठा ४६ लाख लिटरच्या आसपास. नाल्याचं पाणी चरातून आत येतं, जास्तीचं सांडव्याने जातं. १ ऑक्टोबरला काठोकाठ, फेब्रुवारीच्या मध्याला कोरडं. मधल्या काळात उपसा शून्य. मालकाला त्यात मासळी करायची आहे आणि पोकलेनवाल्याने सल्ला दिलाय, ‘अजून दोन मीटर खाली घ्या, पाणी टिकेल.’

हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि बऱ्याच ठिकाणी त्यानेच तळं कायमचं बिघडतं. खोलीमुळे पाणी टिकतं हे खरं, पण खालची जमीन पाणी धरणारी असेल तरच. म्हणून खोदाईआधी पाणी जातं कुठे, ते मोजायचं.

पाणी वर जातं की खाली?

मोजायला महागडं काही लागत नाही. तळ्यात गुडघाभर पाण्यात एक पट्टी रोवायची, मिलिमीटरच्या खुणांची. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम आडवा कापून त्याचा खालचा अर्धा भाग शेजारी ठेवायचा. आत दोन-तीन दगड टाकायचे म्हणजे तरंगणार नाही, आणि बाहेरच्या पातळीइतकंच पाणी आत भरायचं. ड्रमाला बूड आहे, त्यामुळे त्यातलं पाणी फक्त बाष्पीभवनाने कमी होतं. तळ्यातलं बाष्पीभवनाने आणि पाझराने, दोन्हींनी. रोज सकाळी एकाच वेळी दोन्ही नोंदी करायच्या, दहा दिवस. मध्ये पाऊस पडला तर पुन्हा पहिल्यापासून. ड्रमाच्या भिंती उन्हाने तापतात म्हणून बाष्पीभवन जरा जास्त दिसतं आणि पाझर तेवढा कमी. निर्णयासाठी एवढी चूक चालते.

आपल्या तळ्यात ऑक्टोबरच्या दहा दिवसांत पाणी २०० मिमी उतरलं, ड्रमात ५०. म्हणजे पाझर रोजचा १५ मिमी. डिसेंबरात पुन्हा मोजल्यावर तळं १४० मिमी, ड्रम ३८. पाझर रोजचा १० मिमी. पूर्ण हंगामाचा हिशोब लावला तर तळ्यातलं जवळपास तीन-चतुर्थांश पाणी जमिनीत मुरतंय, सूर्य घेतोय तो जेमतेम चौथा हिस्सा. सोलापूरचं ऊन बदनाम आहे, पण या तळ्याचा पहिला चोर खाली आहे.

दुसरी गोष्टही याच नोंदींत सापडते. पातळी १.३ मीटरच्या खाली गेल्यावर घट एकदम मंदावली. वरचा दाब कमी झाल्याने पाझर हळूहळू घटणं साहजिक आहे, पण एका ठरावीक उंचीवर झटका बसला तर गळती त्या उंचीला बाजूच्या भिंतीत आहे असं समजायचं. तळं आटल्यावर पूर्वेच्या पाळीत नेमकी तिथे पिवळ्या मुरमाची आडवी पट्टी उघडी दिसली. पाळीच्या बाहेरच्या अंगाला, आजूबाजूचं गवत वाळलेलं असताना, त्याच रेषेत लव्हाळा हिरवागार. घुशीची आणि खेकड्याची बिळं, वेड्या बाभळीची कुजलेली मुळं, जुन्या पाइपाच्या भोवतीची पोकळी हेही तपासायचं. कित्येकदा सगळी गळती एका पाइपाच्या अंगानेच असते आणि दोन दिवसांच्या कामात बंद होते. इथे तसं नाही.

मग तळात पाच ठिकाणी कमरेएवढे खड्डे. पश्चिमेला काळी चिकण ९० सेंमी, पूर्वेला ३० सेंमी, खाली सगळीकडे मुरूम. ओल्या मातीची मुठीत गोळी करून हातांत वळली तर बोटभर लांब वळी न तुटता होते, ती काळी चांगली. मुरमाची गोळीच बसत नाही. पश्चिमेचा खड्डा संध्याकाळी पाण्याने भरला, रात्रीतून मुरलं तेवढं सकाळी पुन्हा भरलं, वर पाला झाकला. दुसऱ्या दिवशी बरंचसं पाणी शिल्लक होतं. पूर्वेचा खड्डा दुपारपर्यंत रिकामा.

आता पोकलेनवाल्याचा सल्ला या नजरेने बघा. दोन मीटर खाली गेलं की जी काही चिकण आहे ती खरवडून निघणार, तळ उघड्या मुरमावर येणार आणि वर पाण्याचा दाब दुप्पट होणार. तळं जानेवारीतच आटेल.

एका तळ्याची दोन तळी

उपाय असा ठरला : मधून आडवा बांध घालून तळ्याचे दोन भाग करायचे. पश्चिमेचा भाग मासळी तळं. पूर्वेचा, गळका भाग जमा तळं. नाल्याचं पाणी आधी जमा तळ्यात येईल, गाळ बसेल, मग पंपाने मासळी तळ्यात जाईल. जमा तळं डिसेंबरपर्यंत रिकामं झालं तरी बिघडत नाही. उलट त्याचा पाझर खालच्या विहिरीला लागतो, म्हणून त्याची गळती बंद करण्यावर पैसा घालायचा नाही.

मासळी तळ्याचं माप पाण्याच्या पातळीला ४० × ३० मीटर, पाणी ३.५ मीटर. ही साडेतीन मीटर अशी जमतात : जुनी खोली २.२, तळात अजून ०.८ खोदाई, आणि चारी बाजूंची पाळ जमिनीच्या वर एक मीटर, त्यातली अर्धा मीटर पाण्याला आणि अर्धा मीटर मोकळी. तळ २९.५ × १९.५ मीटर, साठा ३० लाख लिटर. जमा तळ्यात थोडी माती उकरल्यावर साधारण २३ लाख. एकूण साठा ४६ वरून ५३ लाखांवर गेला, म्हणजे काही फार वाढला नाही. बदलला तो आकार : पसरट भांड्यातलं पाणी उभट भांड्यात आलं.

मातीचा हिशोब लोक शेवटी करतात आणि मग डंपर मागवत बसतात. आडवा बांध तळापासून ३.२ मीटर उंच, माथा २ मीटर, मासळी तळ्याकडे उतार दीडास एक आणि जमा तळ्याकडे दोनास एक. त्याला आणि तीन बाजूंच्या वाढीव पाळीला मिळून सुमारे १,३०० घनमीटर भराव. धुम्मस केल्यावर, म्हणजे ठोकून घट्ट केल्यावर, माती दबते, म्हणून १,५०० घनमीटर खोदावी लागते. मासळी तळ्याच्या तळातून ५०० निघते. उरलेल्या हजारातली निम्मी जमा तळ्याच्या तळातून, बांधाच्या पायथ्यापासून तीन मीटर सोडून. बाकीची बाहेरून आणायची.

भराव घालताना एकदम ढीग ओतायचा नाही. २० सेंमीचा थर, त्यावर पाणी मारून रोलरच्या नाहीतर भरलेल्या ट्रॉलीच्या ट्रॅक्टरच्या सहा-आठ फेऱ्या, मग पुढचा थर. ओल किती? मूठ दाबली की गोळा बसावा पण तळहात ओला होऊ नये. कोरड्या ढेकळांचा बांध पहिल्या पावसात वीतभर बसतो आणि त्यावरचा कागद, म्हणजे पाझर रोखणारं प्लास्टिकचं अस्तर, ताणून फाडतो. हे सगळ्यात जास्त वेळा बिघडणारं काम आहे, आणि एकदा कागद अंथरल्यावर ते दिसतही नाही.

चिकण की कागद?

काळ्या मातीचाच थर देऊन पाझर थांबवता येणार नाही का? येतो. ६० सेंमी चिकण थराथराने धुम्मसली तर पाझर रोजच्या ३ मिमीवर आणता येईल असं धरू. डिसेंबरअखेर तळं शेवटचं भरलं आणि १५ जूनपर्यंत थेंब आला नाही, तर १६६ दिवस काढायचे आहेत. हिशोबाला बाष्पीभवन जानेवारीत रोज ४ मिमी, फेब्रुवारीत साडेपाच, मार्चात ७, एप्रिलात साडेआठ, मेमध्ये साडेनऊ, जूनच्या पंधरवड्यात ८. बेरीज १.१६ मीटर. चिकण असेल तर पाझराचे ०.५ मीटर, उरलं पाणी १.८ मीटर. कागद असेल तर सांधे-भोकांसाठी रोजचा १ मिमी धरून ०.१७ मीटर, उरलं साधारण २.१५ मीटर. काहीच केलं नाही आणि पाझर पूर्वीच्या सरासरीवर, ११.५ मिमीवर राहिला तर उरतं ४० सेंमी. जूनमधल्या ४० सेंमी पाण्यात मासा नाही, रस्सा होतो.

मासळीला उन्हाळ्याच्या शेवटी किमान दीड मीटर हवं. तेवढं चिकणही देते. तरी इथे कागदच, याचं कारण उतार. दर उन्हाळ्यात पाणी सव्वा ते दीड मीटर खाली जाणार, तेवढा काठ उघडा पडणार आणि काळी माती उघडी पडली की भेगाळते. जूनमध्ये पंपाने भरलेलं पाणी त्या भेगांतून थेट मागच्या मुरमात. शिवाय काळ्या मातीचा दीडास एक उतार ओला-सुका होत घसरतो. चिकणीचंच करायचं तर उतार अडीचास एक घ्यावा लागेल आणि तेवढी रुंदी या जागेत नाही. जागा मोकळी असेल, चिकण दीड मीटर जाड असेल, तर कागदाच्या नादी लागू नका. मातीच्या तळ्यात तळाचे किडे-गाळ माशाला आयतं खाद्य देतात, ते कागदावर मिळत नाही.

कागद ५०० मायक्रॉनचा, आयएस १५३५१ चिन्ह बघून. पाळीच्या माथ्यावर काठापासून अर्धा मीटर सोडून ६० × ६० सेंमीचा चर, त्यात टोकं दाबायची. तळ, दोन्ही उतार आणि चरातली टोकं धरून एकसंध तुकडा ४७.५ × ३७.५ मीटरचा लागतो. पाळीच्या वरच्या मापावरून मागवला तर कमी पडतो, कारण उताराची लांबी ७.२ मीटर आहे, आडव्या मापातली ६ नव्हे. अंथरण्याआधी तळ-उतारावरचे खडे, मुळं, काचा हाताने वेचायच्या आणि वर चाळलेल्या मातीचा बोटभर थर. अंथरणं सकाळी उन्हाआधी, थोडी ढील ठेवून. मेच्या दुपारी ताणून बसवलेला कागद थंडीत आकसतो आणि कोपऱ्यात तडकतो. मातीकाम फेब्रुवारी-मार्च, कागद मेमध्ये, मध्ये दीड-दोन महिने भराव बसू द्यायचा.

एक धोका नाल्याकाठच्या जागेचाच. पावसाळ्यात मुरमातली पाण्याची पातळी चढते. जमा तळं भरलेलं आणि मासळी तळं रिकामं असेल तर बाहेरचं पाणी कागदाखाली शिरतं आणि तळात फुगा येतो. मग वरून पाणी सोडलं की घड्या पडून सांधे सुटतात. म्हणून पहिल्या वर्षी जमा तळ्यात मीटरभर पाणी आलं की लगेच मासळी तळ्यात ओढायला सुरुवात करायची.

आणि कुंपण. कागदाचा ओला उतार इतका निसरडा की पोहता येणारा माणूसही स्वतःहून वर येत नाही. चारी बाजूंना जाळीचं कुंपण, प्रत्येक काठाला माथ्यावर खुंटीला बांधलेला गाठींचा दोर तळापर्यंत, आणि दोन टायरच्या ट्यूब. हे मासे सोडण्याआधी, ‘नंतर बघू’ म्हणून नाही.

पाणी घेणं

पहिले दोन वाहणारे पाऊस सांडव्याने सोडून द्यायचे. त्या पाण्यात रानातलं खत, डाळिंब-द्राक्षावरची फवारणी आणि सगळा उकिरडा असतो. नंतरचं पाणी जमा तळ्यात दोन दिवस निवळू द्यायचं. काळ्या मातीचं पाणी पूर्ण निवळत नाही, पण जड गाळ बसतो. पाच अश्वशक्तीचा पंप कमी उंचीवर सेकंदाला १५ लिटर देत असेल तर २३ लाख लिटरला ४३ तास. शेतीची वीज दिवसाला आठ तास धरली तर पाच-सहा दिवस. सप्टेंबर-ऑक्टोबरात जमा तळं एकदा पुन्हा भरलं तर मासळी तळं काठोकाठ होतं. पुढे डिसेंबरपर्यंत जमा तळ्यात राहिलेल्या पाण्याने पातळी राखायची.

पंपाच्या तोंडाला बारीक नायलॉनची दुहेरी पिशवी बांधायची. नाल्याच्या पाण्यातून मरळ आणि चिलापीची (तिलापिया) पिल्लं-अंडी येतात. मरळ बोटुकली, म्हणजे आपण सोडलेली बोटभर पिल्लं, गिळते. चिलापी त्याहून वाईट, कारण ती स्वतः वाढते कमी आणि वाढवते संसार, महिन्या-दोन महिन्यांनी नवी पिल्लावळ, आणि कटल्याचं खाद्य तिच्या हजार पोटांत जातं.

मासे किती? उन्हाळ्याअखेरच्या पाण्याएवढे

बोटुकली सोडताना लोक ऑक्टोबरचं भरलेलं तळं बघतात. इथे उलट चालायचं. जूनच्या मध्याला पाणी २.१५ मीटर, पृष्ठभाग १,२०० वरून ९३० चौरस मीटर आणि साठा ३० वरून १६ लाख लिटर. त्याच वेळी मासे सगळ्यात मोठे आणि पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी. म्हणून बोटुकली ७०० पुरे. त्यातली ८० टक्के जगली आणि सरासरी ८०० ग्रॅमला आली तर साडेचार क्विंटलच्या आसपास.

जातींचं नेहमीचं प्रमाण कटला ४, रोहू ३, मृगळ ३. कागदाच्या तळाशी गाळ नाही, मृगळाला चरायला काही नाही. म्हणून कटला २५०, रोहू ३००, मृगळ १०० आणि काठाच्या शेवाळासाठी गवत्या (ग्रास कार्प) ५०. सायप्रिनस (कॉमन कार्प) मातीच्या पाळी उकरतो. इथे कागद असल्याने ती भीती नाही, तरी त्याची गरजही नाही.

बीज ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, ८ ते १० सेंमीची बोटुकली. स्वस्तात मिळतात म्हणून मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) आणून मोठ्या तळ्यात ओतू नयेत, बगळ्यांची सोय होते. पिशवी पाण्यात अर्धा तास तरंगत ठेवून, थोडंथोडं तळ्याचं पाणी आत घेऊन, संध्याकाळी सोडायची. आधी आठवडाभर २५० किलो ताजं शेण पोत्यात भरून कडेला बुडवून ठेवलं की पाणी हिरवट होतं. चुना सवयीने टाकू नका. आपलं पाणी मुळात क्षारट, सामू (पीएच) बऱ्याचदा आठच्या वर. त्यात चुना घातला तर दुपारी सामू नऊ ओलांडतो आणि विष्ठेतला अमोनिया घातक रूपात येतो. सामू साडेसातच्या खाली आला तरच १५-२० किलो, विरघळवून.

पाण्याचा रंग बघायला वीतभर व्यासाची पांढरी थाळी काठीला बांधून बुडवायची. २५ ते ४० सेंमीला दिसेनाशी झाली तर ठीक. ४० च्या पुढेही दिसत राहिली तर शेण, २० च्या आत गेली तर शेण आणि खाद्य दोन्ही बंद.

खाद्य भुईमूग पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, किंवा तरंगतं तयार खाद्य. सुरुवातीला एकूण वजनाच्या ५ टक्के म्हणजे रोज ३५० ग्रॅमच. मासे अर्ध्या किलोला आले की २ टक्के, साडेपाच किलो. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की निम्मं. पेंड भिजवून भोकं पाडलेल्या पोत्यात, बांबूला ठरलेल्या जागी टांगायची. दोन तासांनी पोतं उचलून बघायचं. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी. कागदाच्या तळ्यात उरलेलं खाद्य माती जिरवत नाही, ते तळाशी कुजतं आणि मेमध्ये हिशोब मागतं.

बिघडतं ते कधी

पहाटे. ढगाळ दिवसानंतरच्या, वारा पडलेल्या पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं काढून आ-आ करताना दिसले की प्राणवायू संपलाय. त्या दिवशी खाद्य नाही. पंप चालू करून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात टाकायचं, पहाटे तीन-चारपासून ऊन पडेपर्यंत. याच वेळेला बऱ्याचदा थ्री फेज वीज नसते, म्हणून एप्रिल ते जून डिझेलचा छोटा पंप काठावर हवाच.

दुसरी वेळ वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसाची. तापलेल्या पाण्यावर गार पाणी पडतं, तळाचं कुजकं पाणी वर येतं आणि एका रात्रीत मासे उलटतात. नाला थेट आत येत नसल्याने गढूळ लोंढ्याचा धोका गेला, पण ही उलथापालथ राहतेच. त्यावर इलाज म्हणजे मेपर्यंत तळ्यातलं वजन कमी केलेलं असणं. सातशे ग्रॅमच्या वरचे मासे मार्चअखेर ते एप्रिलमध्ये काढायला लागायचं, एकूण माशांतले निदान ४० टक्के. त्यासाठी ऑगस्टात वर्षभर रोखून ठेवलेली १०० ग्रॅमची बोटुकली मिळाली तर सोन्याहून पिवळं. विक्री गावात आणि आठवडी बाजारात जिवंत-ताजी करायची. भिगवण-इंदापूरच्या बाजारात उजनीच्या मासळीशी भावात टक्कर देण्याएवढा हा माल नाही.

पाणकावळ्यांची टोळी सकाळी उतरली तर आठवड्यात बोटुकली अर्ध्यावर आणते. पाण्यावर मीटर-मीटर अंतराने नायलॉन दोऱ्या ताणल्या की त्यांना उतरता येत नाही. जाळं ओढताना खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्यांऐवजी वाळू भरलेली कापडी नळी लावायची, नाहीतर कागद फाटतो. फाटलाच तर पातळीची रोजची नोंद सांगते. मेमध्ये घट १०-११ मिमीच्या पुढे जाऊन १५ झाली की उताराच्या ओल्या रेषेपासून खाली शोधत जायचं. ठिगळ कोरड्या, स्वच्छ कागदावर गरम हवेनेच लावायचं. पाण्याखालचं भोक तात्पुरतं बुजवायला मळलेली चिकण पोत्यात भरून वर दाबून ठेवतात, ती जूनपर्यंत चालते.